घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं: मस्टँग, जुने टायर आणि कोल्हापूरचा पाऊस

आईला गाडीची खरी किंमत अजून सांगितलेली नाही, त्यामुळे ती इथंही लिहीत नाही. बाकीचे आकडे लिहितो. २०२५ च्या मार्चमध्ये फोर्डची सेकंडहँड मस्टँग घ्यायचं ठरवलं तेव्हा तिच्या सायलेन्सरचा आवाज ऐकवणारे व्हिडिओ ढिगानं मिळाले. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात ही गाडी चालवायची कशी, तिच्या रुंद टायरांचं काय करायचं आणि कागदपत्रं कुठं अडकतात, हे सांगणारं मला तरी कुणी भेटलं नाही. पाच महिने धडपडून जे कळलं ते लिहून ठेवतोय.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून पुढं पाठवतो. वय ४८. आजवर चालवलेली सगळ्यात दांडगी गाडी म्हणजे घरची डिझेल एसयूव्ही, तीही पुढच्या चाकांवर चालणारी. आणि आता ही २०१८ ची मस्टँग जीटी: पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, सुमारे ४०० हॉर्सपॉवर आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. पुण्यातल्या एका डॉक्टरांची गाडी, २७ हजार किलोमीटर झालेली. टायर कारखान्यातून आले तेच, पिरेली पी झीरो, १९ इंची, पुढं २५५ मिलिमीटर रुंद आणि मागं २७५. "ओरिजिनल टायर आहेत हं अजून," असं डॉक्टर कौतुकानं म्हणाले आणि मीही कौतुकानंच मान हलवली.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला, पुण्यात सह्या झाल्या. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलायला, फॉर्म २८ पुण्याच्या आरटीओची एनओसी मिळवायला. राज्यातल्या राज्यात गाडी असल्यामुळे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही आणि नंबरही बदलत नाही. मुद्दाम महाराष्ट्रातलीच गाडी शोधली ती यासाठी. बंगळुरूची स्वस्त मिळत होती, पण २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडं १३ टक्के टॅक्स आहे. गाडीच्या वयाप्रमाणं तो कमी होतो खरा, तरी हिशेब केल्यावर स्वस्ताई कुठल्या कुठं गेली. एमएच-१२ तसाच राहिल्यानं मित्र अजून 'पुणेकर' म्हणून टोमणे मारतात, ते चालतंय.

पहिली अडचण आरसीवर दिसली. डॉक्टरांनी कर्ज २०२२ मध्येच फेडलं होतं, पण बँकेचा बोजा आरसीवर तसाच. बोजा उतरल्याशिवाय एनओसी नाही आणि बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. कर्ज दिलेली शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, त्यामुळे ते पत्र हातात पडायला १९ दिवस गेले. मधल्या काळात तीन ई-चलान निघाली, तिन्ही वेगाची. डॉक्टरांनी निमूट भरली. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यानं एचएसआरपी, म्हणजे सरकारनं सक्तीची केलेली सुरक्षित नंबरप्लेटही बसवावी लागली, ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर आरटीओत पुढचं काम होत नाही. एनओसी मिळाली ६ मे रोजी, आणि कोल्हापुरात अर्ज भरला ९ मे रोजी. घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं, आम्हाला ४१ झाले होते, त्यामुळे उशिराचा किरकोळ दंडही बसला. सौदा करण्याआधी आरसीवर बोजा आहे का, चलान किती आहेत, हे परिवहनच्या पोर्टलवर पाहून घ्या. मी गाडीचा रंग चार वेळा पाहिला, बोजा एकदाही नाही. आणि विकणाऱ्याशी संबंध चांगले ठेवा, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातात. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असले की आमचा अर्ज बाहेर बाकावर बसून.

११ मे रोजी गाडी मीच चालवत आणली. वाटेत डॉक्टरांचा फोन, "किणी टोल नाका ओलांडला वाटतं?" फास्टॅग त्यांच्याच खात्याला जोडलेला होता. तो दुसऱ्या दिवशी बंद करून माझा घेतला. विम्याचं मात्र तसं केलं नाही. डॉक्टरांची पॉलिसी ऑगस्टपर्यंत होती, आरसी नावावर झाली की बघू म्हटलं. मग आठ-नऊ दिवस मी ती विना-नावाच्या विम्याची गाडी घेऊन हिंडलो.

पावसाचा माझा हिशेब साधा होता. मिरग निघतो ७ जूनच्या आसपास, तोवर कोरड्यात हात बसवू. पण २०२५ च्या मे महिन्यानं कुणाचाच हिशेब ठेवला नाही. महिन्याच्या मध्यापासून वळीव जो बसला तो उठलाच नाही, आणि मान्सून २४ तारखेला केरळात, २५ ला तळकोकणात हजर.

२० मे, मंगळवार, संध्याकाळी पावणेसात. शॉप बंद करून घरी निघालो होतो. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे ठिकठिकाणी डायव्हर्शन. रस्त्यावर डंपरच्या चाकांनी आलेला मुरूम, आणि त्यावर नुकताच दहा मिनिटं पडलेला पाऊस. धो धो नव्हता, तेच वाईट. जोराचा पाऊस रस्ता धुऊन काढतो, असल्या शिडकाव्यानं महिनोन्‌महिने साचलेलं ऑइल आणि धूळ यांचं लोणी होतं. सर्व्हिस रोडवरून वर चढताना डावीकडं हलकं वळण आहे. वेग असेल ३५-४०. मागून ट्रकनं हॉर्न दिला, आणि मी एसयूव्हीच्या सवयीनं पाय दाबला.

एसयूव्हीला पाय दाबला की ती आधी जरा विचार करते. हिनं विचार केला नाही. गिअर खाली पडला, आवाज चढला, आणि मागचा भाग उजवीकडं सरकला. मला वाटलं कुणीतरी मागून बाजूला धक्का दिला. घाबरून पाय पूर्ण उचलला तर शेपूट झटक्यात उलट्या बाजूला. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकत होतं, ते लुकलुकताना मी पाहतही होतो, म्हणजे वेळ किती लांबते बघा. मागचं डावं चाक दुभाजकाच्या कडेला घासत गाडी आडवी थांबली. मागचा ट्रक वीसेक फुटांवर थांबला होता. त्याच्या बाजूनं भाजीचा टेम्पो हळू पुढं आला. ड्रायव्हरनं काच खाली करून गाडीच्या तोंडावरचा पळता घोडा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, "पावणं, घोडं आवरा की."

कुणाला खरचटलं नाही. मागच्या रिमला तीन इंचाचा ओरखडा आणि किंचित बाक. रात्री एजंटला फोन केला तेव्हा कळलं, की मालकी बदलली की थर्ड पार्टीचं कवच कायद्यानं नव्या मालकाकडं येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. त्यासाठी हस्तांतरानंतर १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. रिम उद्यमनगरात साडेसहा हजारात सरळ करून रंगवून मिळाला. गाडी पूर्ण गेली असती तर? त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी विम्याचा अर्ज केला. डॉक्टरांचा नो क्लेम बोनस डॉक्टरांकडंच राहतो, तो गाडीसोबत येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरली. इंजिनात पाणी गेल्यावरच्या नुकसानीचं कलमही जोडून घेतलं, साध्या पॉलिसीत ते नसतं. आमच्या गावाला त्याची गरज काय हे सांगायला नको.

मग सल्ल्यांचा पाऊस. शेजारचे काका म्हणाले, एवढे रुंद टायर पावसात पोहणारच, बारीक घाल. पंपावरचा पोरगा म्हणाला, "पावसाळा हाय, दोन-चार पॉइंट हवा कमी ठेवतो, रस्ता धरंल." एका टायरवाल्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं की हे 'समर टायर' आहेत, म्हणजे उन्हाळ्याचे, पावसात घसरणारच, बदला. हे सगळ्यात पटण्यासारखं वाटलं. नावातच उन्हाळा!

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधायला शेवटी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडं गेलो. ते टायरभोवती एक फेरी मारून म्हणाले, "तुमच्याकडं डेप्थ व्हर्नियर आहे न्हवं? मग मला काय इचारता? मापा की." वीस वर्षं मी बोअरची खोली मायक्रॉनमध्ये मापतोय, पण स्वतःच्या टायरची खोली मापायचं सुचलं नव्हतं.

शॉपवर येऊन मापलं. पुढचे टायर ४.४ मिलिमीटर. मागचे, मधल्या खाचेत २.७, आतल्या कडेला २.३. कायद्याची मर्यादा १.६, खाचेत त्या उंचीचे रबराचे छोटे उंचवटे असतात, तिथवर झीज आली की टायर संपला. म्हणजे कायद्यानं माझे टायर पास. पण खाच ही पाणी वाहून न्यायची गटार असते. गटार जेवढी उथळ तेवढं पाणी टायरखाली अडकणार, आणि टायर रुंद असेल तर बाजूला सारायचं पाणीही जास्त. काकांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य होतं. आतली कडा जास्त झिजलेली, ती उभ्या-उभ्या दिसतच नाही. हात घालून चाचपायला लागते.

मग टायरच्या अंगावरचा तारखेचा कोड वाचला. लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझे ०९१८. २०१८ चा नववा आठवडा, म्हणजे सात वर्षांचं रबर. आमच्या ओळखीच्या रबर पार्ट बनवणाऱ्याकडून कडकपणा मापायचं शोअर मीटर आणलं. मागच्या टायरवर ७६ आलं. त्याच्याच दुकानात पडलेल्या एका नव्या टायरवर, दुसऱ्या कंपनीच्या का असेना, ६५. नखानं दाबलं तरी फरक कळत होता. डॉक्टरांनी गाडी कमी चालवली, जास्त उभी ठेवली, आणि 'ओरिजिनल' ज्याला आम्ही दोघं कौतुकानं म्हणत होतो ते वाळून गेलं होतं.

'समर टायर'चा उलगडाही झाला. थंड देशांत सात अंश सेल्सिअसच्या खाली रबर कडक होतं म्हणून हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात, त्यांच्यापासून वेगळे ओळखायला हे 'समर'. त्यात उन्हाळा-पावसाळा असा भेद नाही. कोल्हापूरच्या २३-२४ अंशांच्या पावसात असा टायर, ताजा असेल आणि खाच खोल असेल तर, ओल्या रस्त्यालाही चांगला धरतो. कंपनीनं ती गाडी त्याच टायरवर जुळवलेली असते, त्यामुळे बारीक टायर घालून बघण्याचा विचार सोडला.

हवेचं तर उलटंच निघालं. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो याचा नासानं विमानाच्या टायरवर प्रयोग करून काढलेला एक ढोबळ ठोकताळा आहे, तो हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर चालतो. ३२ पीएसआय धरलं तर ताशी सुमारे ९४ किलोमीटर, २६ धरलं तर ८५. हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो! झिजलेल्या रुंद टायरला हा आकडाही जास्तच समजायचा. म्हणजे हवा कमी नाही, आणि गच्चही नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर जेवढी लिहिली तेवढी, सकाळी टायर गार असताना. पंपावरचा गेज आणि माझा ९०० रुपयांचा गेज यांच्यात तीन पॉइंटचा फरक निघाला. आता घरीच मापतो.

पुढची-मागची मापं वेगळी असल्यामुळे टायर अदलाबदल करता येत नाहीत, दोनच नवे घालून भागवावं तर पुढचेही सात वर्षांचे. चारही बदलायचे ठरले, कंपनी तीच, माप तेच. कोल्हापुरात हे माप कुणाकडंच तयार नव्हतं. २३ मे रोजी ऑर्डर दिली, वीस हजार आगाऊ. एका दुकानदारानं "आहे त्याच्यापेक्षा भारी बसवू" म्हणत २० इंची रिमसकट कोटेशन दिलं होतं. रिमचं माप वाढवलं की उद्या विम्याच्या सर्व्हेअरला काय सांगायचं, हा प्रश्न त्याला विचारला, त्यानं चहा मागवला.

टायर यायला बारा दिवस. तोवर गाडी झाकून ठेवणं शहाणपणाचं होतं, पण भाच्याचा एक मित्र आहे, २३ वर्षांचा, कार्टिंग करतो. तो म्हणाला, "काका, जुने टायर आहेत तोवरच शिका. घसरणं कसं असतं ते तीस स्पीडला कळू दे." शेजारच्या बंद युनिटचं काँक्रीटचं आवार आहे, ऐंशी-नव्वद मीटर लांब, चारी बाजूंनी मोकळं. मालकाला विचारून २५ मे, रविवार ठरवला. आठवडाभर न थांबलेला पाऊस नेमका त्या सकाळी थांबला. नऊशे रुपये देऊन पाण्याचा टँकर मागवला. टँकरवाल्यानं विचारलं, "लग्न हाय काय?"

दोन गोष्टी केल्या. पहिली, ताशी ४० वरून ठरलेल्या खुणेला पूर्ण ब्रेक. कोरड्या पट्ट्यात गाडी ७ मीटरमध्ये थांबली. ओल्यात साडेअकरा. टेपनं मापलं. ४० म्हणजे आपण राजारामपुरीत चालवतो तो वेग, आणि एवढ्यात एक आख्खी गाडी मावेल इतका फरक. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरतं, पेडल पायाला लाथा मारतं, ते घाबरून सोडायचं नाही, हेही तिथंच कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मध्ये ऑइलचा रिकामा ड्रम ठेवून त्याभोवती बारा मीटरच्या अंतरावरून गोल. गाडीला घसरण्यापासून सावरणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल चालूच ठेवायचे, बंद करून मर्दुमकी नको, ही पोराची अट. हळूहळू वेग वाढवत गेलो. २८ पर्यंत काही नाही. २९-३० ला पायाखाली काहीतरी मऊ झाल्यासारखं वाटलं, सीटचा डावा काठ कमरेला टेकला, आणि शेपूट निघाली. मी पाय उचलला. गाडी फिरली. "एकदम उचलू नका." पुन्हा. पुन्हा फिरली. "काका, पायाखाली अंडं आहे समजा." पुन्हा. सहाव्या-सातव्या वेळेला पाय अर्धा इंच मागं घेतला, नजर ड्रमवरून काढून जिथं जायचंय तिकडं ठेवली, आणि हात आपोआप तिकडं वळले. गाडी जराशी हलली आणि सरळ झाली. त्या दिवशी महामार्गावर काय झालं होतं ते तेव्हा कळलं. दाबणं ही एक चूक होती, झटक्यात उचलणं ही दुसरी. टायरनं रस्त्याला जेवढं धरलंय तेवढ्यातच ब्रेक, वळण आणि ताकद यांची वाटणी करायची असते, मी एकाच वेळी सगळ्यांना सगळं वाटत होतो. कंट्रोल नावाची यंत्रणा त्या वाटणीत लक्ष घालते, पण नसलेली पकड ती कुठून आणणार?

मस्टँगमध्ये गाडीचा स्वभाव बदलायचं एक बटण आहे, त्यात ओल्या रस्त्याचाही एक मोड आहे. तो लावला की ॲक्सिलरेटर मऊ होतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल लवकर जागा होतो. मी दोन महिने त्याला बर्फाचा समजून हात लावला नव्हता. चित्र हिमकणासारखं असल्यावर कोल्हापूरचा माणूस काय समजणार.

टायर ४ जूनला आले. पहिला पाहिला तो कोड, ०५२५. चारांचे १ लाख २४ हजार, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे साडेतीन हजार वेगळे. आतली कडा का झिजली ते अलाइनमेंटच्या मशिननं दाखवलं, मागच्या चाकांचा कोन बिघडला होता. तो न बघता नवे टायर घातले असते तर तेही तसेच खाल्ले असते. बसवून निघताना मिस्त्री म्हणाले, "तीनशे किलोमीटर जपून. नव्या टायरला साच्याचा मेण असतोय." साच्यातून रबर सुटावं म्हणून लावलेला थर वरच्या थराबरोबर झिजेपर्यंत नवा टायरही घसरू शकतो. भर पावसात नवे टायर घातल्यावर हे माहीत नसलेला माणूस निर्धास्त होऊन पाय दाबणार. मी ते तीनशे किलोमीटर सकाळी सहाला उठून कागल-शिरोली फेऱ्या मारून पूर्ण केले. दूधवाले ओळखायला लागले.

१५ जूनला पुन्हा त्याच आवारात, त्याच ४० वरून, ओल्यात. ८ मीटर ६०. ड्रमभोवती ३४ पर्यंत गाडी हलली नाही. पाऊस चालू होता, टँकरचे नऊशे वाचले. आरसी नावावर होऊन पोस्टानं आदल्या गुरुवारी आली होती, विमाही तोवर माझ्या नावावर झाला होता.

जून-जुलैत रस्त्यावर जे शिकलो ते असं. महामार्गावर अवजड गाड्यांनी डांबरात चाकोऱ्या पाडलेल्या असतात, पाऊस पडला की त्यांत पाणी साचतं. चाकोरी सोडून अर्ध्या हातानं बाजूला चालवलं की पायाखालचा आवाजच बदलतो, सूं-सूं थांबते. आवाजावर लक्ष ठेवायची सवयच लागली. पाण्याचा आवाज जाड होत गेला आणि स्टिअरिंग हातात हलकं लागलं, म्हणजे टायर तरंगायच्या बेतात आहे. तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही, पाय अलगद सैल, स्टिअरिंग सरळ. हे मला एकदाच झालं, सांगली फाट्याच्या पुढं, ७० ला. तेव्हापासून जोराच्या पावसात साठच्या वर जात नाही. मागच्यांना हॉर्न वाजवायचा तर वाजवू देत, वीस मेचा हॉर्न मला पुरलाय. क्रूझ कंट्रोल पावसात लावत नाही. पंचगंगेच्या पुलावरचे लोखंडी जॉइंट, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे जाड पट्टे, पंपातून बाहेर पडतानाचा डिझेल सांडलेला भाग आणि ट्रॅक्टरनं शेतातून ओढत आणलेला काळा चिखल, यांच्यावर चाक असताना पाय नुसता ठेवायचा, काही करायचं नाही. आणि गाडीत स्टेपनी नाही, पंप आणि पंक्चर भरायच्या द्रवाची बाटली आहे. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, आणि असा बुटक्या कडेचा टायर खड्ड्यात फुटला तर बाटली काही करत नाही. म्हणून पाण्याच्या डबक्यात चाक घालायच्या आधी पुढच्या गाडीचं चाक किती बुडतंय ते बघायचं. पुढं गाडी नसेल तर थांबून येऊ द्यायची.

१८ ऑगस्टला असळजला आत्याकडं गेलो होतो. गगनबावड्याचा पाऊस तो, सकाळी रिमझिम होती, जेवणं होईपर्यंत कौलांवरून पडदा लागला. चारला निघालो. मांडुकलीच्या अलीकडं गाड्यांची रांग. रस्त्यावर कुंभीचं पाणी आलेलं, फार नव्हे, गुडघाभर. समोरून एक एसटी सावकाश आली, तिच्या चाकाचा मधला भाग बुडत होता. तिच्या मागोमाग एक पिकअप निघून गेला. एक पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, "जातंय की हे. फोर्ड हाय न्हवं?" इंजिन हवा ओढतं त्या पाइपचं तोंड किती खाली आहे ते मला मिस्त्रींनी दाखवलं होतं. विम्याचं कलम होतं, टायर नवे होते, आणि दहा मिनिटं मी गिअरवर हात ठेवून बसलो, हेही खरं आहे.

मग गाडी वळवली. आत्याच्या दारात झाकायला जागा एकच, गोठा. आतेभावानं म्हशीला एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूला घोडं बांधलं. पाणी उतरून रस्ता सुरू व्हायला चार दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी आत्या पेंडीची पाटी घेऊन आली, म्हशीपुढं ओतली, आणि कंदिलाच्या उजेडात त्या लाल बोनेटकडं बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "एवढं रं ह्याचं मोठं तोंड, आन्‌ गुडघाभर पाण्याला भितंय?"